डोरकासची जागा

लाए बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात डोरकासने आपल्याला एचआयव्ही असल्याचं तिथल्या नर्सखेरीज एकाच माणसाला सांगितलं होतं, सुपरवायझर सिलासला. नात्याने तो तिचा मामा. कारखान्याचं प्रशिक्षण त्याने मन लावून ऐकलं होतं. आजारावरून कुणाला काढायचं नाही, कुणाकडे बोलायचं नाही, तपासणीच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची. पण एवढ्यावर थांबेल तो मामा कसला. त्याने तिला ट्यूना साफ करायच्या टेबलावरून उचललं आणि डब्यांना लेबलं लावायला खुर्चीवर बसवलं.

महिनाभरात तिने त्याला गोदामामागे गाठलं. "मामा, मी गावाला परत चालले."

गावात ना दवाखाना, ना नर्स. गोळ्या इथेच मिळायच्या, कारखान्यात.

"कुणी काही बोललं का? नाव सांग, बघतोच त्याच्याकडे."

"टेबलावरच्या बायका बोलतच नाहीत, हेच तर दुखणं आहे."

"कळलं त्यांना?"

"आजाराचं नाही. साहेबाने आपल्या वाँटोकला, नात्यातल्या पोरीला, गादीवर बसवलं, एवढंच कळलंय. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर मी दिसले की टबिथा सुपारी लपवते. म्हणते, लाडक्या भाचीला मामा देईल."

"अगं, मी तुझ्या जिवाला जपतोय."

"जप की. पण नर्स म्हणते, गोळ्या चुकवल्या नाहीत तर मी तुझ्याहून ठणठणीत आहे. तुझी साखर वाढलीय, तुला कुणी बसवलं का खुर्चीवर?"

सिलासने पोटावरून हात फिरवला. आजारी म्हणून तिला सगळ्यांतून वेगळं काढणारा दुसरा कुणी नव्हता, तोच होता. त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरकास परत मासे साफ करायच्या टेबलाशी आली.

"काय गं, खुर्ची टोचली वाटतं?" टबिथाने विचारलं.

"तुझा हात मंदावलाय म्हणे. मामा रडत आला माझ्याकडे."

बायका फिस्सकन हसल्या. टबिथाने सरकून जागा केली, आणि उट्टं काढायला ढिगातला सगळ्यात मोठा मासा तिच्यापुढे ढकलला. "घे, मामाची लाडकी."

डोरकासने दोन्ही हातांनी तो उचलला. तिचे खांदे वाकले.

सिलासने एक पाऊल टाकलं. मग ते मागे घेतलं. आयुष्यात इतकं जड त्याला काही गेलं नव्हतं.