आधी उलटी बाजू

“गिऱ्हाइकाला माल दाखवताना आधी उलटी बाजू दाखवायची. शिवण कुठे कच्ची आहे ते आपणच सांगायचं, त्याला सापडायच्या आत. मला शब्द दे.”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांनी अंथरूण धरलं होतं, आणि थोरल्या सुनेने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. त्या वेळी त्यात अवघड असं काहीच वाटलं नाही. दुकानात शिवायचं काय, तर मोटारसायकलींची सीट कव्हरं. कव्हर उलटं करून दाखवायला असं कितीसं धाडस लागतं?

आज मात्र दुपारी मशीनसमोर बसल्या बसल्या तेच बोलणं पुन्हा कानाशी आलं आणि तिने मशीन थांबवलं.

समोर कापडं बेतायच्या टेबलावर धाकटी जाऊ कागद पसरून बसली होती. उद्या सकाळी त्यांचा पट्टा बनवणार असलेल्या कंपनीच्या कचेरीत करारावर सही व्हायची होती. पट्ट्याचं पेटंट दोघी जावांच्या नावावर होतं. लहान मूल मागे बसवून मोटारसायकल चालवताना त्याला स्वतःशी बांधून घ्यायचा पट्टा. मुलाच्या अंगात बंडीसारखा चढवायचा आणि त्याची टोकं चालवणाऱ्याच्या कमरेला अडकवायची.

“ऐका ताई, पुन्हा वाचते. पाच वर्षं हा पट्टा फक्त त्यांनीच बनवायचा, आपण दुसऱ्या कुणाला लायसन्स द्यायचं नाही. पण गावातल्या दुकानांत विकायचा हक्क आपल्याकडे. हे मी भांडून घेतलंय. साहेब म्हणाला, तुम्ही फार चिवट आहात. म्हटलं, तुम्ही आमच्या सासूबाईंना बघितलं नाहीत.”

“हं.”

“नुसतं हं काय? खोकं बघा तरी. वर आपल्या चिमणीचा फोटो, माझ्या पाठीला डोकं टेकून झोपलेली. खाली मोठ्या अक्षरात ओळ. मीच सुचवली. ‘झोपलं तरी निर्धास्त.’”

थोरलीच्या हातातली कात्री फरशीवर पडली.

धाकटी हसली. “झालं. आमची भित्री भागूबाई फोटोलासुद्धा दचकते.”

हे नाव तिला घरात सगळ्यांनीच ठेवलं होतं. थोरली मोटारसायकलच्या वाटेलाही जायची नाही. कुठे जायचं झालं तर चालत, नाहीतर बसने. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, दूरच्या एका कारखान्यात कामाला होते. घरातली मोटारसायकल धाकटी चालवायची, आणि चिमणीला बालवाडीत सोडायला निघाली की थोरली खिडकीत उभी राहायची. गाडी वळणाआड गेली तरी तिथेच. पोर झोपेल, कलेल, पडेल, हे चित्र काही तिच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. शेवटी एका दुपारी सीट कव्हराच्या उरलेल्या पट्ट्या जोडून तिने पहिला पट्टा शिवला, तो या भीतीपायीच. हुशारी वगैरे काही नव्हती त्यात. पेटंट, अर्ज, कंपन्यांना पत्रं, हे सगळं पुढे धाकटीने केलं.

“अगं, मला काही सांगायचंय,” थोरली कात्री उचलत म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. “मागच्या आठवड्यात तुम्ही मायलेकी घरी आलात ना, चिमणी झोपली होती बघ. तू हँडल धरून पुढे बघत होतीस. मी तिला उतरवायला आले तर पट्टा तिच्या गळ्याशी आला होता.”

“गळ्याशी म्हणजे?”

“छातीवरचा पट्टा. ती खाली घसरली होती आणि तो तिथेच राहिला होता. गळ्यावर लाल वळ उठला होता. संध्याकाळपर्यंत गेला.”

धाकटीने पेन खाली ठेवलं. “आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

“मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. मग मी वाळूची पिशवी बांधून बघितली. उशांची बाहुली करून बघितली. काही घसरत नाही.”

“मग नाहीच घसरत.”

“वाळू झोपत नाही गं.”

धाकटी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. “ताई, तुमच्या पाया पडते. आधी पट्टा नव्हता म्हणून तुम्हाला झोप नव्हती, आता पट्टा आहे म्हणून नाही. उद्या साहेबासमोर असं काही बोललात तर तो दारापर्यंत पोचवायलाही उठणार नाही. बाजारात तयार कव्हरं आल्यापासून या दुकानात माशा मारतोय आपण, ते दिसतंय ना तुम्हाला?”

“दिसतंय. म्हणून तर भीती वाटते.”

थोरलीने कात्री टेबलावर ठेवली. मग आतल्या खोलीतून चिमणी आली, डोळे चोळत. जेवण झालं की तिला झोप अनावर व्हायची, आणि अंथरुणावर टाकलं की ती हमखास उडायची. “मला गाडीवर झोपायचंय,” ती म्हणाली.

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं.

“चला,” धाकटी म्हणाली. “एकदा बघूनच टाकू. म्हणजे उद्यापर्यंत तुमचं डोकं तरी शांत राहील.”

गाडी दुकानाच्या दारातच मोठ्या स्टँडवर उभी होती. धाकटी चढून बसली. थोरलीने चिमणीला मागे बसवलं, बंडी चढवली, बक्कलं लावली. तिची बोटं इतकी थरथरत होती की एक बक्कल दोनदा निसटलं.

“मोठीआई, तुला थंडी वाजते?” चिमणीने विचारलं.

“हो गं राणी.”

“मग तू पण बांधून घे.”

धाकटीने इंजिन सुरू केलं. मागचं चाक जमिनीपासून वर होतं, गाडी नुसती जागच्या जागी धडधडत राहिली. थोरली शेजारी उभी राहिली. एक हात तिने पोरीच्या कुशीला लावला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं छातीवरच्या पट्ट्याच्या आत सरकवली. मग तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी मारायची तशीच, पण रोज ती काही मागायची नाही. आज मागितलं. मी खोटी ठरू दे, माझ्या भित्रेपणाला सगळ्यांना हसू दे.

चिमणीचा गाल आईच्या पाठीला टेकला. डोळे मिटले. हनुवटी हळूहळू खाली आली. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि थोरलीला वाटू लागलं की ऐकलं देवाने.

मग पोरीचे गुडघे ढिले पडले. कंबर सीटच्या गुळगुळीत रेक्झिनवरून पुढे सरकू लागली, कुणी पायाशी बसून अलगद ओढावं तशी. अंग खाली गेलं. बंडी गेली नाही. पट्टा वर चढत गळपट्टीशी आला, तिथून हनुवटीखाली, आणि थोरलीची दोन बोटं त्या पट्ट्यात आणि त्या कोवळ्या गळ्यात सापडली. बोटांच्या एका बाजूला पट्टा रुतत होता. दुसऱ्या बाजूला पोरीची नाडी उडत होती.

“बंद कर,” ती म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो. प्रत्यक्षात तोंडातून नुसती हवा आली. “गाडी बंद कर. मागे बघ.”

थोरलीने मोकळ्या हाताने खांद्यावर थाप मारली तशी धाकटीने मान वळवली. तिला आधी जावेची पांढरी पडलेली बोटं दिसली, मग त्यांच्यावर टेकलेली लेकीची हनुवटी. तिने इंजिन बंद केलं. बक्कल थोरलीनेच मोकळ्या हाताने काढलं. चिमणी झोपेतच पुटपुटली आणि मोठीआईच्या खांद्यावर पडली.

धाकटी पायरीवर बसली होती. रोज याच पट्ट्यात बांधून ती पोरीला घेऊन येत होती. त्या येण्याजाण्यात काय काय होऊ शकलं असतं, ते तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत होतं.

थोरलीकडे तोड होती. दोन मांड्यांमधून जाणारा एक आखूड पट्टा. तो असला की अंग खाली सरकत नाही. तिने तो शिवूनही ठेवला होता, मशीनच्या खणात. पण पेटंटच्या कागदात तो नव्हता. धाकटीने पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “नवा पट्टा म्हणजे नवा अर्ज,” त्या म्हणाल्या. “मी लगेच लिहायला घेते, पण दाखल होईपर्यंत तो बाहेरच्या कुणालाही दाखवू नका. कंपनीला तर मुळीच नाही. उद्या ते म्हणतील, हे आम्हालाही सुचलं होतं.”

“आणि दोष सांगितला तर?” थोरलीने विचारलं.

“दोष सांगायला कायद्याची आडकाठी नाही. पण औषध खिशात ठेवून नुसता आजार सांगणार तुम्ही. ते सही करणार नाहीत, एवढं मी आत्ताच सांगते.”

फोन बंद झाल्यावर धाकटी हळू आवाजात म्हणाली, “ताई, उद्या सही होऊ दे. अर्ज गेला की लगेच सांगू. त्यांनाही नवाच पट्टा हवा असेल.”

“तोवर ते बनवायला घेतील.”

“लगेच कुठे घेतात?”

“आणि घेतले तर? एक जरी बाहेर गेला?” थोरलीने खांद्यावरच्या पोरीच्या मानेवर हात ठेवला. “खोक्यावर तू लिहिलंयस, झोपलं तरी निर्धास्त. ते वाचून एखादी माझ्यासारखीच भित्री आई तो घेईल. धीट बायका असलं काही विकत घेत नाहीत.”

कागद गोळा करून धाकटी आत निघून गेली. रात्री जेवायलाही बाहेर आली नाही.

सकाळी थोरलीने अंघोळ केली, मशीनवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले. या खेपेला काही मागितलं नाही. मागायला धीरच झाला नाही. खणातला आखूड पट्टा तिने आणखी खाली, चिंध्यांखाली सारला. मग बंडी टेबलावर घेतली आणि उलटी केली. आतल्या शिवणी, दोऱ्यांची टोकं, सगळं बाहेर आलं. चिमणीची हनुवटी जिथे आली होती तिथे तिने खडूने एक रेघ ओढली आणि बंडी तशीच उलटी पिशवीत ठेवली.

तिने चप्पल घातली. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून बघितलं. पहिलं वाक्य जमायचं, दुसरं अडायचं. साहेब हसेल. नाहीतर चिडेल. नाहीतर म्हणेल, वाळूची पिशवी तर घसरत नाही बाई.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं. धाकटीचे डोळे सुजलेले होते. “मी येणार नाही ताई. साहेबाचा चेहरा मला बघवणार नाही.”

“नको येऊस. पोरीला आज चालत ने.”

“चालतच नेणार आहे.” धाकटीने दाराची कडी उगाचच वरखाली केली. “त्याच्या डावीकडे बसा. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं, आणि तुमचा आवाज हा एवढासा.”

थोरलीने मान हलवली. दारातल्या मोटारसायकलला वळसा घालून ती रस्त्यावर आली, पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि कडेकडेने चालू लागली.