फाटकापाशी पुरलेली दगडी डोणी

मी एक जुनी डोणी आहे, आणि अस्सल दगडाची असल्यामुळे थोडी हट्टीही आहे. मित्रांनो, डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायची लांबट, खोलगट कुंडी. बेंगळुरूच्या दक्षिणेला, जिथे आता इलेक्ट्रॉनिक सिटी संपून प्लॉटच्या पाट्या सुरू होतात, तिथे एका पाथरवटाने मला घडवले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणतात. मी घाव सगळे सोसले, पण देवपण काही माझ्या वाट्याला आले नाही. मला रस्त्याच्या कडेला ठेवले आणि बैल माझ्यात तोंड घालून पाणी पिऊ लागले.

ते दिवस चांगले होते. गाडीवाले मला घासूनपुसून स्वच्छ ठेवत. पुढे बैलगाड्या गेल्या आणि टेम्पो आले. टेम्पोला माझे काय काम? कुणीतरी मला गटाराकडेला लोटून दिले. पावसाचे पाणी माझ्यात साचले, त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. आसपासची माणसे तापाने फणफणत होती, पण मला पालथी घालावी, असे कुणाच्या मनात आले नाही. ज्या पोटातून मी मुक्या जनावरांची तहान भागवली, त्याच पोटात आता आजार वाढत होता. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी तिथे सुचेताबाई आल्या. त्या आणि त्यांचे पती उमाकांत, दोघांनीही सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथे लहानशी जागा घेतली. दोन खोल्यांचे घर, एक गाय, थोड्या कोंबड्या आणि भाजीचे वाफे, एवढाच पसारा. सुचेताबाईंनी माझ्यात डोकावून नाक मुरडले, पहार मागवली आणि मला उलटी करून सगळी घाण ओतून दिली.

मग त्यांनी मला आपल्या फाटकापाशी जमिनीत पुरले, फक्त काठ वर ठेवला. पायांना चिकटून येणारे रोगजंतू मरावेत म्हणून माझ्यात धुण्याचा सोडा घातलेले पाणी भरले. आत येणाऱ्याने आधी पायताणांसकट माझ्यात पाय बुडवायचे, मग शेजारच्या नळावर साबणाने हात धुवायचे, असा नियम झाला. पाणी मळले की त्या लगेच बदलत, त्यामुळे डासांना माझ्याकडे पुन्हा थारा मिळाला नाही.

सुचेताबाईंचे नियम तेवढ्यावर थांबत नसत. नव्या कोंबड्या आल्या की त्या आधी काही दिवस वेगळ्या डालग्यात राहत. उमाकांतांना धारोष्ण दुधाची भारी हौस. ते पेला घेऊन गोठ्याशी उभे राहिले, तर बाईंनी पेलाच काढून घेतला.

"उकळल्याशिवाय थेंब मिळणार नाही. आधी आजारी पडायचं आणि मग डॉक्टरकडे धावायचं? बैल गेला आणि झोपा केला, असलं मला जमत नाही."

शेजारच्या सत्यवती अक्कांचे मराठी घराणे तीन पिढ्या बेंगळुरूचे. त्या भाजी न्यायला येत आणि माझ्यासमोर थबकत.

"स्वल्प जास्तच करता हं तुम्ही, सुचेता. घरात घुसायच्या आधी परीक्षाच! सरी, बुडवते." असे पुटपुटत त्या पाय बुडवत. त्यांच्या मराठीतले ते कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडे आणि 'सरी' म्हणजे बरे ऐकून मला हसू येई.

पण दोन वर्षांपूर्वीची संक्रांत आठवली की माझे हसू मावळते. गाय नुकतीच व्यायली होती. तिची लस गाभणपणामुळे लांबणीवर पडली होती. पलीकडच्या गावात लाळ्या-खुरकुताची साथ असल्याचे कानावर आले होते. या रोगात जनावराच्या तोंडाला आणि खुरांत फोड येतात, आणि कोवळी वासरे कधी कधी दगावतात. नेमके त्याच दिवशी जयनगरहून उमाकांतांचे थोरले बंधू शरच्चंद्र, म्हणजे दादा, येणार होते. वडिलांमागे दादांनीच उमाकांतांना शिकवले होते.

"दादांना दारातच अडवायचं? मला नाही जमणार," असे म्हणून उमाकांतांनी माझ्यावर फळी टाकली आणि तिच्यावर पायपुसणे अंथरले. सुचेताबाई आधी भांडल्या, मग त्यांनी हात टेकले. फळीखाली मी नुसती धुमसत होते.

दादा आले ते प्रसन्न चेहऱ्याने. इकडे संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना पेटत्या गवतावरून उडी मारायला लावायची रीत आहे; वाटेतल्या एका गावात तशी गुरे सजवून उभी केली होती. दादांनी मोटार थांबवून त्यांची पूजा केली होती, खुरांना हात लावून नमस्कार केला होता, हाताने तीळगूळ भरवला होता. त्याच पायांनी ते फळीवरून आत गेले, आणि त्याच हातांनी त्यांनी आमच्या गायीला आणि वासराला कुरवाळले.

आठवडा होतो न होतो तोच गाय लाळ गाळू लागली. ती कशीबशी वाचली, पण वासराने दूध सोडले आणि ते गेले. सुचेताबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रोग कुणाच्या पायाने आला, हे सांगता येणार नाही. वाऱ्यानेही आला असेल. पण मला जे एक काम दिले होते, ते मला करू दिले नाही, याचे दुःख मला अजून आहे. उमाकांतांनी त्या फळीचे सरपण केले.

यंदा गायीला पुन्हा वासरू झाले, आणि संक्रांतीला दादा पुन्हा आले. फाटकात उमाकांत स्वतः उभे होते.

"दादा, आधी यात पाय बुडवा. मग साबणानं हात धुवा."

दादांचा चेहरा उतरला. "अरे उमा, मी परका आहे का?"

"परके असता तर सांगणं सोपं होतं." उमाकांत बाजूला झाले नाहीत. "मागं तुम्ही आलात तेव्हा मी ही झाकली होती. त्यानंतर वासरू गेलं. तुमच्यामुळं गेलं, असं मी म्हणत नाही. पण झाकली मी."

दादांनी वाकून माझ्यातल्या पाण्याकडे पाहिले. मग उमाकांतांच्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी एक पाय माझ्यात ठेवला, मग दुसरा. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. सुचेताबाई त्यांना गोठ्याकडे न्यायला पुढे आल्या, तर ते अंगणातच थांबले.

"वाटेत गुरांना हात लावलाय मी. इथूनच नमस्कार करतो. पोचतो तो."

सुचेताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, परक्याला कुणीही अडवते, आपल्या माणसाला अडवायला फार धीर लागतो. तो धीर साथ येण्याआधी दाखवायचा असतो. कुणाच्या फाटकापाशी माझ्यासारखी एखादी पाण्याने भरलेली दिसली, तर तिला ओलांडून जाऊ नका. त्यात अपमान नाही. आत कुणाचे तरी वासरू नुकते पायांवर उभे राहायला शिकत असेल.