शुक्र जातो कुठं

"वर आला का गो?" आवडाबाईंनी अंधारातच विचारलं.

"नाय आजी. आज पण नाय," सानवी म्हणाली.

मांडवीच्या किनाऱ्यावरच्या घराच्या मागच्या पडवीत आठवडाभर रोज पहाटे हेच चाललं होतं. आजी डोंगराकडे तोंड करून बसायच्या आणि कॉलेजात जाणारी नात जांभया देत आकाश बघायची. एकेकाळी आवडाबाईंच्या नवऱ्याची, भिवाची होडी पहाटे पाण्यात लोटली जायची, तेव्हा डोंगरावर शुक्र असायचा. त्याला हात जोडल्याखेरीज बाईंचा दिवस सुरू होत नसे. मधेच तो कित्येक महिने गायब व्हायचा, पुन्हा यायचा. जातो कुठं, हे विचारायला सवड कुणाला होती? पण आता काचबिंदूनं एक डोळा गेला होता आणि दुसरा दिवाळीपर्यंत टिकेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. रडारड हा बाईंचा स्वभाव नव्हे.

"सगळं बघून झालंय माजं," त्या म्हणाल्या होत्या. "तेवढा शुक्र एकदा दाखव."

सानवीनं मोबाइलवर शोधलं. पहाटेचा शुक्र दिवाळीनंतर! मग पुढची ओळ वाचून ती उठली. मासळीची टोपली पालथी घालून तिनं तो सूर्य केला आणि भोवतीनं एक लिंबू फिरवून पाहिलं. फिरवता फिरवता तिचा हात थांबला. आजीचं बोट धरून तिनं ते लिंबावर टेकवलं.

"आजी, तो सूर्याच्या मागून वळसा घालून या अंगाला आलाय. आता संध्याकाळी दिसतो, समुद्रावर."

"तो दुसरा कुणी असंल."

"तोच गो!"

आवडाबाईंच्या उभ्या हयातीतल्या संध्याकाळी मासळीबाजारात मान खाली घालून गेल्या. वर बघणार कधी? आणि एका पहाटे गेलेला भिवा परत आलाच नाही, तेव्हापासून संध्याकाळी त्यांनी समुद्राकडे तोंड केलं नव्हतं. बाजारातही त्या पाण्याकडे पाठ करूनच बसायच्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे.

लिंबू बाजूला ठेवून आजी म्हणाल्या, "संध्याकाळी ने मला."

सूर्य बुडाला तेव्हा दोघी वाळूत उभ्या होत्या. सानवीनं आजीला खांद्याला धरून हळूच समुद्राकडे वळवलं.

"तो काय?"

"ती बोटीची बत्ती. तिच्या वर बग. अजून वर."

आवडाबाईंनी डोळा बारीक केला आणि त्यांचे हात आपोआप जुळले. तांबूस उजेडात तो एकटाच लखलखत होता.

"अरे देवा! एवढ्या सूर्याला फेरा मारून आलास, आणि मी तुला डोंगरावर शोधतेय!" त्यांनी नातीचा हात घट्ट धरला. "होड्या परत यायच्या येळेला हा वर असायचा?"

"कदी कदी. होय."

"म्हंजे तुजा आजा अगदीच एकटा नसंल."

शुक्र पाण्यात उतरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारात आवडाबाईंनी आपला पाट उचलला, फिरवला आणि त्या समुद्राकडे तोंड करून बसल्या.