उपाशी कुणाला धाडायचं नाही

“तोकिए-सान, यांना खायला घातलंत?”

मत्स्यबीज केंद्रातल्या हौदावर वाकलेल्या तिच्या सहकाऱ्याचा, शिओमीचा, आवाज चढला नव्हता, तरी तोकिएनं खाद्याचा डबा पाठीमागे सरकवला. पाण्यावर खाद्याची भुकटी अजून तरंगत होती आणि बोटाएवढी सॅमनची पिल्लं तिच्यावर तुटून पडली होती.

“थोडंसंच,” ती म्हणाली.

“अहो, बजावलं होतं ना! टँकरमध्ये घालायच्या आधी उपाशी ठेवायचं. भरल्या पोटी कोंबली तर पाणी घाण होऊन वाटेतच गुदमरतील. हे मी तुम्हाला सांगायचं? या केंद्रात केस पिकले तुमचे!”

खरंच होतं ते. पण सकाळी ती हौदाशी आली, तशी पिल्लं नेहमीसारखी तिच्या सावलीखाली गोळा झाली, तोंडं वर करून. आज ही पिल्लं जाणार, उद्या केंद्राला कायमचं कुलूप लागणार. तिच्या घरातून कधी कुणी उपाशी बाहेर पडलं नव्हतं. मुलगा नागोयाला निघाला तेव्हा गाडीची वेळ झाली तरी भात संपवल्याशिवाय तिनं त्याला उठू दिलं नव्हतं. आता तो नववर्षालासुद्धा फोन करेलच असं नाही. हात खाद्याच्या डब्यात कधी गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

“टँकर उद्या नाही का मिळणार?”

“उद्या तो दुसऱ्या केंद्राचा. आणि आपल्याला तर हौद आजच रिकामे करायचेत.”

टँकरनं नेली असती, तर समुद्र जरा कोमट होईपर्यंत पिल्लं बंदरातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सुखरूप राहिली असती. आता उरली नदी. डोहाडोहात मोठे मासे टपलेले, आणि मुखाशी सीगल पक्ष्यांची ही गर्दी.

“हौदाच्या तोंडाची फळी मीच काढते,” तोकिए म्हणाली.

पाणी नदीकडे धावलं. पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून झुंजली आणि शेवटी शेपटीकडून वाहत गेली, तिच्याकडे बघत बघतच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. तोकिए घरातलं पातेलं आणि पळी घेऊन नदीच्या मुखाशी गेली आणि बडवत सुटली. सीगल उडाले, घिरट्या घालून पलीकडच्या वाळूवर बसले. ती तिकडे गेली. ते पुन्हा अलीकडे आले.

दुपारी शिओमीची सामानानं भरलेली गाडी थांबली. त्याची बदली झाली होती.

“बंदरावर लोक हसतायत, तोकिए-सान.”

“हसू देत. फुकटची करमणूक.”

“अशी किती वाचणार?”

“चार तरी वाचतील. माझ्यापायी या वाटेनं आलीत बिचारी.”

तो निरोपासाठी कमरेत खोल वाकला आणि निघून गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिला फार एकटं वाटलं.

दरवर्षी पिल्लं सोडताना केंद्रातले सगळे एका सुरात म्हणत, “जाऊन या!” घरातून निघणाऱ्याला म्हणतात तसंच. काल ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं. यातली जी जगतील, ती काही वर्षांनी वास काढत याच नदीनं वर येणार, थेट त्या बंद फाटकापर्यंत.

गढूळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं. तरी ती काठाशी वाकली.

“जा,” ती हळूच म्हणाली, आणि पुन्हा पातेलं वाजवू लागली.