वर येण्याची रीत

"आसारामची गोष्ट अलग होती वहिनी," भय्याजी खुर्चीत रेलून म्हणाला. "त्यानं सोताच घाई केली. वर येताना थांबलाच नाई. कंपनी काय करन त्यात?"

बायाबाईच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो तिचा नवरा आसाराम चार हातांवर पडवीतल्या खाटेवर बसला होता, कमरेखाली गोधडी घेऊन. आणि हा माणूस त्याच्याच अंगणात बसून असा बोलत होता, जणू आसाराम कधीचा मेला आहे.

सोमवार होता. उपासाच्या दिवशी तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही, हे ती माहेरापासून पाळत आली होती. सकाळपासून ओठांवर असलेलं महादेवाचं नाम तिनं आत ओढून घेतलं.

"थांबाचं असते, हे कोनी सांगतलं होतं त्याईले?" तिनं विचारलं.

भय्याजी हसला. आंधळगावात त्याचं छोटंसं दुकान होतं आणि तिथूनच तो माणसं आखातात पाठवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आसारामला नेलं होतं. आता तो आसारामच्या धाकट्या भावासाठी, प्रितमसाठी आला होता. प्रितमचा पासपोर्ट त्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता.

पिढ्यान्‌पिढ्या हे घर तलावावर जगलं. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं की कुणीतरी बुडी मारून सोडवायचं, आणि त्यात आसारामचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. "समुद्रातबी पानीच असते, तुले कोन शिकवन?" असं तेव्हा भय्याजी म्हणाला आणि सगळं घर खूश होऊन हसलं होतं. तिथं समुद्रात जाळीचे मोठाले पिंजरे, त्यात पाळलेली मासोळी. फाटलेली जाळी शिवायला खोल उतरायचं. वर बोटीवर मशीन, तिची हवा नळीतून तोंडात.

तलावात माणूस एका छातीच्या हवेवर उतरतो. दम संपला की लाथ मारायची आणि सरळ वर. जितकं लवकर तितकं बरं; हे शिकवावंही लागत नाही, पोरं चालायला शिकतात तशी ही गोष्ट शिकतात. पण मशीनची हवा पीत खोल राहिलेल्या माणसानं हळूहळू, मध्ये थांबत वर यायचं असतं. नाही तर ती हवा रक्तात फेसाळते. हे बायाबाईला नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. आसारामला तिथं कुणीच सांगितलं नव्हतं. एक दिवस मशीन बंद पडली, नळीतली हवा थांबली आणि त्यानं बापानं केलं असतं तेच केलं. लाथ मारली. वर आला. संध्याकाळपर्यंत पायांतली जाणीव गेली. त्याला दुखण्याची गोळी देऊन खोलीवर झोपवलं. दवाखाना दूर होता म्हणे.

"सांगा ना," बायाबाई म्हणाली. "कोनी सांगतलं होतं?"

"जुनी गोष्ट काहून उकरून राहिल्या? प्रितमचं मेडिकल फिट आलं आहे."

"त्याईचंबी फिट होतं. फिट होते म्हनूनच तं नेले."

"वहिनी, बस ना आता!" प्रितम दारातून ओरडला. "दादाचं झालं म्हनून मी जलमभर या तलावातच सडू का?"

"मी जाऊ नको म्हटलं का तुले?" ती त्याच्याकडे वळली नाही. "भय्याजी, फोन लावा. आत्ता, माह्यासमोर. इचारा, पोरगा खाली असला तं वर कोन राहते? आपल्या तलावात एक जन खाली गेला तं डोंगीवरचा मानूस तंबाखूबी नाई मळत, पान्यावरची नजर नाई हटवत. तिथं कोन पायते? मशीन बंद पडली तं दुसरी आहे का? आनि असं झालं तं ज्या दवाखान्यात इलाज होते, तो किती दूर?"

"एवढं कोनीच नाई इचारत, बाप्पा."

"आमीबी नवतं इचारलं."

भय्याजी उठला. "पायजा बा, मले काय! नदीकाठच्या बपेऱ्याची तीन पोरं तयार आहेत. तिथल्या बाया वकिली नाई करत."

"पासपोर्ट ठेवा इथं."

"काय?"

"पोराचा पासपोर्ट. ठेवा खाटीवर." आवाज चढला नव्हता, पण सुई मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. "महादेवाची शपथ, ठेवल्याबिगर तुमाले या अंगनातून जाऊ नाई देत मी."

पासपोर्ट खाटेवर पडला. मोटारसायकल धूळ उडवत गेली. प्रितमनं दाराला लाथ घातली. "तुह्याच्यानं झालं हे!" तो म्हणाला. बपेऱ्याची ती तीन पोरं बायाबाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"बपेऱ्याले कोन सांगन?" आसाराम म्हणाला.

दोघांनीही वळून पाहिलं. घरी आल्यापासून तो पाणी मागायचा, कूस बदलून द्या म्हणायचा. याहून जास्त बोलणं नव्हतं.

"तुमाले झेपन का?" तिनं विचारलं.

"आटो बोलाव," तो प्रितमला म्हणाला.

प्रितम फुरंगटूनच गेला, ऑटो घेऊन आला आणि भावाला पाठीवर घेतलं.

बपेऱ्यात ती तीन पोरं नदीकाठी जाळी वाळत घालत होती. आसारामला उतरवून झाडाखाली टेकवून बसवलं, तेव्हा त्याचे पाय दोन्हीकडे कसेही पडले. बायाबाईनं ते सरळ केले आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं.

"काका, तुमी तलाववाले," एक पोरगा हसून म्हणाला. "आमी नदीचे आहो."

"मी असाच हसत होतो," आसाराम म्हणाला.

पोराचं हसू विरलं. त्यांच्यातल्या थोरल्या कैलाशनं फोन काढून भय्याजीला लावला, आवाज मोठा केला. "भय्याजी, वर मशीन बंद पडली तं दुसरी राहते का?"

पलीकडून, "आसारामची बायको आली काय तिथं?" आणि फोन कटला.

कैलाशनं फोनकडे पाहिलं, मग आसारामच्या पायांकडे. "मंग वर कसं याचं असते, काका?"

प्रितमही त्या पोरांच्या शेजारी, भावाच्या समोर जाऊन बसला.

आसारामनं उजवा हात मांडीवर उपडा ठेवला. "हा मी. खाली." हात हळूहळू उचलू लागला. छातीपाशी आल्यावर थांबला. "इथं थांबाचं. किती बी घाई वाटली तं थांबाचं."

पोरं पाहत राहिली. हात थांबलेलाच.

"झालं का काका?"

"नाई."

कोपर थरथरायला लागलं. आधार द्यायला प्रितम पुढे सरकला, तर बायाबाईनं त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"अजून?" कैलाशनं हळूच विचारलं.

"अजून," आसाराम म्हणाला. हात खाली आला नाही, वरही गेला नाही.