शेवटची गोष्ट माझ्या शेजारी आहे

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. अमेरिकेत मिशिगनच्या पार उत्तरेला रेनो माकीच्या घराबाहेर, कचऱ्याच्या डब्याला टेकून, एका खोक्यात पडलो आहे. गाडी यायच्या आत माझं ऐकून घ्या.

माझे दिवस मोठे थाटाचे होते. शुक्रवार आला की रेनो दुकानातून भाड्याने सिनेमाची कॅसेट आणायचा, त्याची बायको डोरीन लाह्या भाजायची आणि त्यांची छोटी मुलगी सिल्वी माझ्यासमोर पालथी पडायची. तिच्यापुढे चित्रांचं पुस्तकही उघडं असे. सिनेमात भांडण लागलं की ती पुस्तकात डोकं खुपसायची. रेनोला मात्र अर्ध्यातच डुलकी लागायची.

"तुला शेवट कधी कळणार रे?" डोरीन त्याला चिडवी.

"तू आहेस ना सांगायला," तो डोळे न उघडता म्हणे.

एका हिवाळ्यात रेनोने शेजाऱ्याचा कॅमेरा आणला. रोज संध्याकाळी डोरीन सिल्वीला पुस्तक वाचून दाखवायची, ते त्याने टिपलं आणि मला वायर जोडून कॅसेटवर उतरवलं. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक पट्टी असते. ती मोडली की मी त्या कॅसेटवर दुसरं काही उतरवू शकत नाही. डोरीनने ती लगेच मोडली. नाव मात्र तिने कॅसेटवर न लिहिता वरच्या पुठ्ठ्याच्या डबीवर लिहिलं, आणि सिल्वी त्या डब्यांची घरं बांधायची. कुठली कॅसेट कुठल्या डबीत गेली, याचा पत्ता कुणालाच राहिला नाही.

पुढच्याच वर्षी डोरीन आजारी पडली आणि वारली. माझ्याकडे कुणी फिरकेना.

मग एका दुपारी टीव्हीवर दरोडेखोरांचा जुना सिनेमा लागणार होता. रेनोची नेमकी तेव्हाच कामावरची पाळी होती. कोरी कॅसेट घरात नाही, दुकानाकडचा रस्ता बर्फाने बंद. दुकानाने मोडीत काढलेल्या कॅसेटी तो नेहमी आणायचा. त्यांची पट्टी मोडलेलीच असे, मग तो तिथे चिकटपट्टी लावी आणि खुशाल वापरी. त्या दिवशीही त्याने हाताला लागली ती घेतली, चिकटपट्टी लावली, सिनेमा उतरवायला मला वेळ लावून दिली आणि कामावर गेला.

ती डोरीनची होती, मित्रांनो. मला कळत होतं. पण पट्टीची जागा बुजलेली असली की मला नाही म्हणता येत नाही. एकेक गोष्ट माझ्याच हातून पुसली जात होती आणि मी गुपचूप फिरत होतो. लावलेली वेळ संपली तेव्हा मी थांबलो. एकच गोष्ट उरली होती, अगदी शेवटची.

सिनेमा पाहताना रेनो नेहमीप्रमाणे अर्ध्यात झोपला.

काल सिल्वी आली. रेनो आता थकला आहे, त्याला ती आपल्या गावी नेते आहे. डोरीनच्या अक्षरातली डबी तिला सापडली, पण आत निघाली कार्टूनची कॅसेट. मग तिने एकेक कॅसेट माझ्यात घालून पाहिली. डोरीनची कॅसेटही आली. घोडे दौडले. तिने थोडं पुढे नेलं, तरी घोडेच.

"बाबा, ही पण नाही."

"ते दरोडेखोरांचं असेल गं. ठेवून काय करायचंय?"

"शेवटी काय होतं त्यात?"

"मला काय ठाऊक," रेनो म्हणाला. "सांगणारी गेली."

सिल्वी हसली आणि मग रडायलाच लागली. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. तिला वाटलं, मी बिघडलो. तिने कॅसेट बाहेर काढली, माझी वायर गुंडाळली आणि दोघांनाही एकाच खोक्यात ठेवलं.

मित्रांनो, जुनी कॅसेट टाकाल तेव्हा एवढं करा, ती शेवटपर्यंत चालवून पाहा. आम्हाला बोलता येत नाही. कुणी बटण दाबलं तरच आमचा आवाज निघतो.

कोपऱ्यावर गाडी वळते आहे. कॅसेट माझ्या कुशीला लागून आहे. घोडे संपले की तिच्यात डोरीन पुस्तक मिटते आणि हळूच विचारते, "सिल्वी, झोपलीस का गं?"

आणि सिल्वी म्हणते, "नाही आई. अजून एक."