मिठाच्या चांदण्या

"तुझं बिस्किट खाल्लं आणि दात तुटला," आत्याबाई फोनवर म्हणाल्या. ना कशी आहेस, ना काय करतेस. "आणि मीठ किती घातलंस गं? समुद्र आटवलास की काय?"

आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांची आत्या. माझ्या सासूबाईंची नणंद, तेव्हा आधी सासूला पुरून उरल्या आणि आता माझ्या वाट्याला आलेल्या. दर सणाला मी घरी बिस्किटं करते, बरणीत भरते, तोंडाला कापड बांधून वर सुतळीची गाठ मारते आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवते. दर सणाला सगळे तोंड फाटेस्तोवर कौतुक करतात, एक ह्या सोडून. एकदा म्हणे लोणी स्वस्तातलं, एकदा म्हणे तळ करपलाय, एकदा म्हणे यापेक्षा वीट परवडली. या वर्षी मीठ. बिस्किटात मीठ! माझं डोकंच फिरलं.

"तुमच्या जिभेलाच काहीतरी झालंय, आत्याबाई."

"जिभेचं राहू दे, दाताचं बघ. तुझ्या त्या डॉक्टरांकडे वेळ दे मला."

"सोमवारशिवाय जागा नाही," असं म्हणून मी फोन आपटला. जागा होती. पण इतकं ऐकून घेतल्यावर कोण देतंय?

मी दातांच्या दवाखान्यात बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, आत जायला घाबरणाऱ्या चांगल्या घोड्याएवढ्या माणसांची समजूत काढायची आणि खुर्चीतून उठलेल्यांच्या हाती चूळ भरायला ग्लास द्यायचा. इतकी वर्षं झाली की तो औषधाचा वास माझ्या ओढणीतून जात नाही. सोमवारी हे सगळं सोडणार होते मी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटा गाळा रिकामा झाला होता. तिथे माझं बिस्किटांचं दुकान निघणार होतं. पाटीचा रंगसुद्धा मनात ठरला होता, पिवळा. गाळ्याच्या मालकाला "सोमवारी पक्कं सांगते" म्हणून शब्द दिला होता, आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या हातात सणाची बरणी देऊन सांगणार होते की, बघा दुसरं कुणीतरी, मी निघाले.

हे वेड माझ्या डोक्यात आपोआप शिरलेलं नाही हां. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं गेलं, आणि चढवणारे सगळे घरचेच. सासूबाई म्हणायच्या, "तुझी खाल्ल्यापासून विकतच्या बिस्किटांना हात लावावासा वाटत नाही बघ." थोरले दीर म्हणायचे, "अगं, एकदा बरणी उघडली की थांबताच येत नाही." नणंदबाई म्हणायच्या, "अगं, दुकान का नाही काढत तू? आम्ही रोज येऊ." आणि आमचे हे दर वर्षी एक बरणी ऑफिसात न्यायचे नि संध्याकाळी सांगायचे, "पाच मिनिटांत सफाचट!" शिवाय पुरावा होताच. बरण्या परत यायच्या त्या रिकाम्या, घासूनपुसून लख्ख. नणंदबाईंची तर आठवडा व्हायच्या आत. रिकाम्या बरणीपेक्षा मोठी शाबासकी ती काय, असं मी समजत होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

या वर्षीही फोन आलेच. "आत्तापर्यंतची सगळ्यात खुसखुशीत," नणंदबाई म्हणाल्या. "तोंडात टाकलं की विरघळतं," सासूबाई म्हणाल्या. त्यामुळे आत्याबाईंच्या दाताचं मी मनावर घेतलं नाही.

सणाचं जेवण रविवारी दुपारी आमच्याकडे होतं. सकाळी टेबल मांडायला घेतलं. माझी सजावट साधी असते. पांढरी चादर कडक इस्त्री करून अंथरायची, रिकाम्या बाटलीत अंगणातल्या दोन डहाळ्या, मधे वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या. आणि या वर्षी नवीन म्हणजे प्रत्येक ताटाशेजारी एक चांदणी, तिच्यावर निळ्या रंगानं ज्याचं त्याचं नाव. या चांदण्या मैदा, मीठ आणि पाण्याच्या. मंद भट्टीत वाळवल्या की दगड होतात. खायच्या नसतात, मांडायच्या असतात. साचा बिस्किटांचाच वापरला होता, तेव्हा दिसायला जुळी भावंडं.

खोका उघडला, एक चांदणी घेतली, ब्रश टेकवला. रंग बसेना. थेंब गोळा होऊन घरंगळला. पुन्हा लावला, पुन्हा घरंगळला. बोटाला तेलकट लागलं. वास घेतला तर लवंग. एक कोपरा चावून पाहिला आणि माझ्या हातातला ब्रशच गळाला. माझं बिस्किट होतं ते.

डॉक्टरांसाठी बांधून ठेवलेली बरणी कपाटावरून काढली, सुतळी सोडली, वरची चांदणी नुसती जिभेला लावली. मीठ! शुद्ध मीठ! मग आठवलं. बरण्या भरल्या त्या संध्याकाळी खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मी गाळ्याच्या मालकाशी फळ्या कुठे ठोकायच्या ते बोलत होते. ओट्यावर दोन ताटं निवत होती. बोलण्याच्या नादात बिस्किटं गेली सजावटीच्या खोक्यात आणि मिठाचे दगड गेले सगळ्या खानदानाला.

माझी पाचावर धारण बसली. आता सगळ्यांची माफी मागायची म्हणून धावत फोनपाशी गेले, नणंदबाईंचा नंबर लावला, आणि घंटी वाजता वाजता माझा हात थांबला. आत्तापर्यंतची सगळ्यात खुसखुशीत? तोंडात टाकलं की विरघळतं? काय विरघळलं? कुणाच्या तोंडात?

फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. मला ते दुकान हवं होतं हो. मग राग आला, आणि रागानं मला नेहमीच जरा बरं वाटतं.

हे आरशासमोर भांग पाडत होते.

"अहो, ऑफिसातली बरणी संपली?"

"कधीच! पाच मिनिटांत—"

"कुणी खाल्ली?"

"कुणी म्हणजे... सगळ्यांनीच."

"तुम्ही?"

"मी एक घेतलं की."

"कसं होतं?"

ह्यांनी कंगवा खाली ठेवला. "छानच. नेहमीसारखं. का गं?"

"काही नाही. टेबलावर या," मी म्हटलं.

दुपारी सगळे आले. नणंदबाईंच्या हातात रिकामी बरणी. "घे बाई तुझी बरणी! दोन दिवसांत फस्त!" मी बरणी घेतली, हसले. टेबलाकडे बघून त्या चीत्कारल्या, "अय्या, किती गोड! अगदी खऱ्या बिस्किटांसारख्या वाटतात गं चांदण्या!" मी ताटाशेजारी खोक्यातल्याच मांडल्या होत्या, बिनानावाच्या. थोरल्या दिरांनी आपली उचलून बघितली नि पाणी सांडू नये म्हणून ग्लासाखाली सरकवली.

सगळ्यांत शेवटी आत्याबाई आल्या. गाल टम्म सुजलेला, डोक्यावरून रुमाल बांधलेला. त्यांना बघताच सासूबाईंनी जुना हिशेब काढला. "काय हो वन्सं, सुनेच्या बिस्किटानं दात पडला म्हणे तुमचा! पोर बिचारी एवढी राबते. दोन गोड शब्द बोलायला काय जातं?"

"खारट होतं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"आम्ही नाही का खाल्ली?" थोरले दीर म्हणाले. "इतकी हलकी झाली होती या वर्षी!"

"आत्या, तुला ना कौतुक करताच येत नाही," नणंदबाई म्हणाल्या. हे सूप ढवळत बसले. सुपात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

मी भाजलेले बटाटे वाढले, पाव वाढला, सगळ्यांना पोटभर जेवू दिलं. उपाशी माणसाला मी फजीत करत नाही. मग आत जाऊन डॉक्टरांची बरणी एका ताटलीत ओतली आणि टेबलाच्या मधोमध आणून ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. "तुमच्या बरण्यांत होती ना, तीच. एकाच घाण्याची. माझ्यासमोर खा, म्हणजे मलाही बघायला मिळेल कशी विरघळतात ती."

"आत्ता? पोट तुडुंब भरलंय गं," नणंदबाई म्हणाल्या.

"थांबताच येत नाही ना, भाऊजी? मग सुरू तरी करा!"

थोरले दीर अडकले. एक उचललं, तोंडात घातलं, चावलं. खट्ट असा आवाज आला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरी पठ्ठ्या म्हणतो कसा, "छान... जरा वेगळी चव आहे."

"मीठ, मैदा आणि पाणी. खायची वस्तूच नाही ती, भाऊजी. टेबलावर मांडायची आहे. चुकून तुमच्या सगळ्यांच्या बरण्यांत गेली."

टेबलावर अशी दातखीळ बसली की आमच्या दवाखान्यातसुद्धा मी कधी पाहिली नाही. सासूबाईंना अचानक संत्र्याच्या चकत्यांत रस वाटू लागला.

"कुठे टाकता हो?" मी विचारलं. "दर वर्षी. सहज विचारतेय."

पहिल्यांदा नणंदबाई बोलल्या, अगदी हळू. "तळ्यावर. बदकांना."

"आणि बदकं खातात?"

त्यांनी मान खाली घातली. म्हणजे बदकंही नाहीत.

"अगं, तुझं मन मोडू नये म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"मन मोडू नये म्हणून? आई, मी उद्या नोकरी सोडणार होते! तुम्ही रोज येणार होतात त्या दुकानासाठी! गाळा ठरवून बसले होते मी! मन मोडलं असतं तर दोन दिवस रडले असते. आता घर मोडलं असतं, ते कुणी सांधलं असतं?" माझा आवाज चढला तो शेजारपर्यंत गेला असेल. जाऊ दे. हे एकदम म्हणाले, "अगं, मला वाटलं तू नुसतंच बोलतेस." नवऱ्याला वाटलं मी नुसतंच बोलते. त्यांच्याशी मी नंतर बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात बाजूला कुरुम कुरुम असा आवाज आला. आत्याबाईंनी ताटाशेजारची चांदणी सुपात बुडवली होती आणि चांगल्या बाजूच्या दातांनी शांतपणे चावत होत्या.

"ही खरी," त्या म्हणाल्या. "लवंग बरी लागलीय. पण वीट ती वीटच. बुडवल्याशिवाय माणसानं खाऊ नये."

"तुम्ही दर वर्षी खाता?" मी विचारलं. माझा आवाज आता बसला होता.

"मग? बरणीत आलेलं खायचं नाही तर काय, आरती ओवाळायची?" त्यांनी दुसरा तुकडा बुडवला. "सगळी खाते. म्हणून तर सांगते ना दर वर्षी. लोणी चांगलं घे, भट्टी मंद ठेव. तू ऐकतेस कुठे? फोन आपटतेस."

सगळ्यांच्या गोड फोनांवर मी दुकान बांधायला निघाले होते, आणि माझं बिस्किट ज्या एकाच माणसानं खाल्लं त्याला मी सोमवारपर्यंत दुखता दात घेऊन बसवलं होतं. लाज वाटली. मी उठून त्यांच्यासाठी दूध कोमट केलं, म्हणजे बाकीची त्यात बुडवता येतील. दुसऱ्या कुणी काही मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी दिलं नसतं.

संध्याकाळी गाळ्याच्या मालकाला फोन करून नको म्हटलं. रिकामी बरणी घेऊन नणंदबाई परत गेल्या, कारण मी ती त्यांच्या हातात कोंबली. म्हटलं, असू दे, बदकांसाठी.

सोमवारी दवाखाना उघडल्या उघडल्या पहिली वेळ आत्याबाईंची. मीच हात धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, गळ्याशी कागदी रुमाल अडकवला. राजीनाम्याचं तोंडातून काढलं नाही. डॉक्टरांनी दिवा ओढला, आत वाकून बघितलं, सुजलेल्या बाजूला कापसाचे बोळे भरले आणि विचारलं, "आजी, एवढा भक्कम दात, असं खाल्लंत तरी काय?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आमच्या आत्याबाई आहेत," मी म्हटलं. "माझी बिस्किटं खाल्ली."

"छे! काहीतरीच!" डॉक्टर हसून म्हणाले. "यांची बिस्किटं? आम्ही दर वर्षी खातो ना घरी. मुलं तर अक्षरशः तुटून पडतात. इतकी मऊ असतात की दात नसलेल्या माणसानंसुद्धा खावीत!"

आत्याबाईंच्या तोंडात कापूस होता म्हणून डॉक्टर वाचले.